घोंगडीतला उजेड

"माणसाच्या रक्तात लशीतनं बारीक यंत्रं सोडलेली हायेत. अंधारात ती काजव्यावाणी चमकत्यात. आन् चमकली म्हंजी तिथली नस जिती!" केडगावच्या हौसरावांनी अखिल मानवजातीला उद्देशून जाहीर केलं. भर दुपारी डोक्यावरून घोंगडी घेऊन जाहीर केल्यामुळं मानवजातीपैकी ते फक्त त्यांच्या बायकोनं, साखरबाईंनी ऐकलं.

तीन महिन्यांपूर्वी साखरबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. तेव्हापासून रोज जेवणं उरकली की दोघं एका घोंगडीखाली बसत, आणि हौसराव त्यांचा डावा हात डोळ्यांशी धरून उजेड शोधत. रोज अंधारच निघे.

आज मात्र हौसराव ओरडले, "दिसलं! हिरवं! मनगटापाशी!"

"तुमचं घड्याळ हाय ते. रेडियमचं. आज काढायचं राह्यलंय."

हौसरावांनी साखरबाईंचा हात उलटसुलट करून पाहिला.

"हात धरलाय का अजून?" साखरबाईंनी विचारलं. "त्या हाताला मला काय कळत न्हाई."

"धरलाय."

"मग राहू द्या. आन् घड्याळ दिसतंयच तर किती वाजले तेवढं बघा, गोळीची येळ झाली असंल."