शिस्तप्रमुख

गणिताच्या मास्तरांनी फुटका चष्मा हेडसरांच्या टेबलावर आपटला.

"त्या दांडगटाला आजच्या आज शाळेतून काढा. तोवर मी इथून हलत नाही."

"मग बसा की. दार तेवढं लावून घ्या, गलका फार येतो."

मास्तरांनी दार लावलं. कडी अशी घट्ट बसली की बोट चेमटलं.

"दहावीतलाच ना, ज्यानं तुम्हाला जिन्यावर ढकललं? त्याला बिल्ला दिलाय मी. शिस्तप्रमुखाचा."

"मला ढकलल्याबद्दल?"

"मग काय तर. गेल्या वर्षी एकानं तिघांची डोकी फोडली, त्यालाही दिला होता. तेव्हापासून हात खिशात. खेळ बंद, मधली सुट्टी बंद, दिवसभर जिन्याखाली राखण. रोज रडत यायचा, सर, बिल्ला परत घ्या. म्हटलं, तुझ्या तोडीचा दुसरा आण, मग सुटशील. आज सुटला बिचारा."

"म्हणजे मारणाऱ्याला बक्षीस."

"बक्षीस कसलं हो," हेडसर हसले.

मास्तरांचे कान तापले. ही तिसरी शाळा. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, इथूनही काढलं तर घरी येऊ नका, सरळ माझ्या भावाच्या दुकानात पुड्या बांधायला बसा.

"आधीच्या दोन शाळा का सुटल्या, ठाऊक आहे मला," हेडसर म्हणाले. "म्हणूनच हट्टानं घेतलं तुम्हाला. पण तुम्ही तर अगदीच मऊ निघालात. पोरानं चष्मा फोडला आणि आलात मुळूमुळू रडत."

हात कधी उठला, मास्तरांनाच कळलं नाही. हेडसर खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकले.

झालं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे मेव्हणा उभा राहिला, दात काढून हसत. ते दाराकडे धावले. कडी निघेना.

"बसा," हेडसर गाल चोळत म्हणाले. त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. "इथं सही करा."

खाली संस्थेच्या अध्यक्षांची सही आधीच होती. राजीनामासुद्धा तयार ठेवलाय लेकाच्यांनी, असं म्हणत मास्तरांनी न वाचताच सही ठोकली.

हेडसरांनी ती दोनदा निरखून पाहिली. मग किल्ल्यांचा जुडगा मास्तरांपुढे सरकवला आणि खुर्चीतून उठले.

"या, बसा. जरा करकरते, सवय होईल. अकरा वर्षांपूर्वी मी आधीच्या हेडसरांना दोन लगावल्या होत्या. तुमची एकच पुरली."