खोलीत दुसरं कोणी नको

"शवपेटी राहू द्या. बाकी सगळे बाहेर," लीझेल म्हणाली.

अंगणात ताडपत्रीखाली मयताच्या जागरणाला आलेल्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. आत बसलेल्या बायका कॉफीचे कप सांभाळत उठल्या.

"बाप अजून घरात आहे, आणि हिची मुलाखत!" ऑरिंगआत्या पुटपुटली. मेलेल्याची ती सख्खी बहीण, पुटपुटायचा हक्क तिचाच. "एकटं नाही ना टाकणार त्याला?"

"मी आहे ना, आत्या."

दफन होईस्तोवर मेलेल्या माणसाला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, ही फिलिपिन्समधल्या लुसेना गावची रीत. मुलाखत चालू असताना खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, ही सिंगापूरच्या कंपनीची. लीझेलनं दोन्ही पाळायचं ठरवलं होतं. नेट याच खोलीत धड चालायचं. तारीख पुढं ढकलली की जागाही जाते, हे ती मागे एकदा शिकली होती. आणि ही शेवटची फेरी होती. घरात कमावणारा एकच होता, तो आता शवपेटीच्या काचेखाली झोपला होता.

ती अजून रडली नव्हती. दात काढायच्या आधी देतात ते इंजेक्शन कुणीतरी सगळ्या अंगाला दिल्यासारखं वाटत होतं.

पडद्यावर एफ्रेन नावाचा माणूस आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि कडक इंग्रजी. "लॅपटॉप फिरवून खोली दाखव."

तिनं भिंत दाखवली. खिडकी, पंखा.

"ते दिवे कसले तिकडे?"

"तिकडे बाबा आहेत, सर."

"त्यांना जरा बाहेर बसायला सांगतेस?"

लीझेलनं लॅपटॉप उचलून काचेजवळ नेला.

एफ्रेननं छातीवर क्रुसाची खूण केली. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं, माणूस एकदम तिच्या घरच्याच बोलीत आला. "अरे देवा! काय हे, पोरी. पुढच्या आठवड्यात घेऊ ना आपण."

"नको सर. विचारा."

त्यानं विचारलं. इतकी गोदामं, इतके रस्ते. माल लवकरात लवकर पोचवणारा रस्ता शोधायचा प्रोग्राम लिहायचा. असले प्रश्न तिनं सरावाला ढिगानं सोडवले होते. तिनं पहिली ओळ लिहिली, पुसली. मग पुन्हा तीच लिहिली.

"बोलत राहा," एफ्रेन म्हणाला. "डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं सांग. चुकलं तरी चालेल. गप्प राहिलीस तर तुझ्या बाजूनं मी काय लिहू?"

"काहीच चालत नाहीये, सर."

पंखा फिरत राहिला. बाहेर कुणीतरी डाव मारला, हशा झाला.

एफ्रेननं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लीझेल, खोटं नाही सांगत. मला 'नाही' असंच लिहावं लागेल."

"हो, सर."

"जेवलीस कधी शेवटची?"

ती आठवू लागली. हाही प्रश्न तिला सुटेना.

"अजून अर्धा तास माझा तुझ्याच नावावर आहे," तो म्हणाला. "लॅपटॉप बाबांकडे वळव. आणि जा, काहीतरी खाऊन ये."

अंगणात कोंबडी घातलेली भाताची पेज वाढत होते. लीझेलनं वाडगा घेतला. पहिला चमचा तोंडाशी नेला आणि तिचे डोळे जे वाहायला लागले ते थांबेनात. पत्ते थांबले. ऑरिंगआत्या धावत आली, तिनं पोरीचं डोकं पोटाशी धरलं.

"मिळाली का गं?"

"नाही."

"गेली तर गेली मेली!" आत्या म्हणाली, आणि एकदम दचकली. "आणि आत त्याच्याजवळ कोण आहे?"

लीझेलनं नाक पुसलं.

"कंपनीचा माणूस बसलाय."