सरासरी वय

झेफेरिनो ड्रेसिंग रूमच्या मधोमध उभा होता. अंगात घामाचा शर्ट, दंडावर कप्तानाची पट्टी, दोन्ही तशीच. बाकी सगळे नेलियोभोवती गोळा झाले होते, कारण स्टँडखालच्या त्या खोलीत रेंज यायची ती फक्त नेलियोच्या फोनला.

यांची मॅच जिंकून झाली होती. गटातली दुसरी मॅच, तिकडे किनाऱ्यावरची, समुद्राच्या धुक्यामुळे उशिरा सुरू झाली होती आणि अजून चालूच होती. गटात यांच्या बरोबरीनं पळणारे किनारेवाले एका गोलनं पुढे होते. तेवढ्यावरच राहिले तर हा डोंगरातला क्लब लीग कपच्या शेवटच्या चौघांत, थेट लैरियाला. गावाच्या सात पिढ्यांत असं घडलं नव्हतं. बेकरीवाल्या ओरासियोनं तर लैरियाच्या बसची पाटी सकाळीच दुकानाबाहेर लावली होती. बाजारात तुरी, तशातली गत.

"झालं का?" कोच वाल्देमारनं दारातून विचारलं.

"संपतच आलीय."

बाहेर लोक अजून गात होते. गाण्यात झेफेरिनोचं नाव होतं. अडतिसाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला हा बचावपटू आज घरच्या मैदानावर शेवटचा खेळला होता. खेळला म्हणजे काय, अगदी शेवटी आत गेला. निरोप घेणाऱ्याला शेवटची चार मिनिटं द्यायची, ही इकडची रीत. नाही दिली तर कोचला गावात कुणी कॉफी विचारणार नाही. सगळा स्टँड खुर्च्या बडवायला लागला तेव्हा वाल्देमारनं एकदाच स्कोअरबोर्डाकडे पाहिलं आणि त्याला उठवलं. झेफेरिनोनं एक चेंडू डोक्यानं परतवला, दुसरा सरळ लोकांत मारला. टाळ्या दोन्हींना सारख्याच पडल्या.

या मोसमात आजच्या आधी कपच्या एकाही मॅचला तो मैदानात उतरला नव्हता. त्यावरून नेलियोचा एक ठरलेला विनोद होता. गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे, असं झालं तर ज्या संघानं उतरवलेल्या खेळाडूंचं सरासरी वय कमी तो पुढे, असा या कपचा नियम. विनोद त्या नियमावरचा. रोज जेवताना व्हायचा. रोज सगळे हसायचे, झेफेरिनो सगळ्यांत मोठ्यानं. आज दुपारीही हसला होता.

"दुसरा," नेलियो म्हणाला.

"काय दुसरा?"

"किनारेवाल्यांचा दुसरा गोल. कॉर्नरवर." त्यानं फोन बाकावर पालथा ठेवला. "संपली."

सगळं सारखं झालं होतं. हे कुणी कुणाला सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सहायक कोच अमांदियो लीगच्या ऑफिसला फोन करायला वर गेला. नळ गळत होता. कुणीतरी उठून तो बंद केला, तरी गळतच राहिला.

अमांदियो परत आला तो कुणाच्याही तोंडाकडे न बघता.

"त्यांनी पूर्ण कप मिसरूड न फुटलेली पोरं खेळवलीत," तो म्हणाला. "तेच लैरियाला."

"कितीचा फरक?"

"कणभर."

एक जण झेफेरिनोकडे चोरून बघत, चाचरत म्हणाला, "म्हणजे, आजोबा उतरले नसते तर…"

"ते विचारू नकोस."

"मी उतरवलं त्याला," वाल्देमार म्हणाला. "मॅच तिकडे चालू आहे हे माहीत असून उतरवलं. बोलायचं असेल तर मला बोला."

बोलणार कोण? रोज ज्या नियमावर हसत होते, तो ऐन वेळी त्या खोलीतल्या एकालाही आठवला नव्हता.

झेफेरिनो उभाच होता. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. दात काढायच्या आधी बधिर केलेल्या हिरडीला जीभ लावून बघावी, तसं तो अमांदियोचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा चाचपून बघत होता. कणभर. लैरिया. कणभर. हाताला काही लागेना.

दारावर थाप पडली. क्लबचे अध्यक्ष होते. त्यांच्यापर्यंत अजून काही पोचलेलं नव्हतं. काखेत झेफेरिनोच्या शर्टाची काचेची फ्रेम, तोंडभर हसू.

"अहो झेफेरिनो, चला की! बायको, पोरी, सगळ्या ताटकळल्यात. सगळं गाव थांबलंय फोटोला!"

आतले चेहरे त्यांनी पाहिले. मग हलक्या हातानं फ्रेम भिंतीला टेकवली आणि दार ओढून घेतलं.

"नेलियो," झेफेरिनो म्हणाला.

"हं."

"तो विनोद सांग."

"कुठला?"

"रोजचा."

"जाऊ द्या ना, आजोबा." नेलियो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"सांग म्हणतो ना. रोज सांगतोस, मग आजच काय झालं?"

नेलियोनं मान वर केली नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं तो पुटपुटला, "आजोबा, तुम्ही आपले बसूनच राहा. तुम्ही उठलात की आम्ही सगळे म्हातारे होतो."

कुणी हसलं नाही. बाहेर पुन्हा त्याच्या नावाचा गजर सुरू झाला.

झेफेरिनोनं दंडावरची पट्टी काढली, नीट घडी घातली, आणि बाकावर जागा बघून बसला.