तिकडची पद्धत

माझी लेक स्टुडंट एक्स्चेंजमधून सहा महिन्यांसाठी परदेशात गेली आहे, तिथल्या एका कुटुंबात राहते. काल व्हिडिओ कॉलवर त्या घरच्या बाईंनी मला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"अगं, काय म्हणतायत त्या?"

"बाबा, रागावू नका हं. इकडे असं तोंडावर विचारतात. 'तुमची बायको कशी होती?' म्हणाल्या. थांबा, मी विषय बदलते."

तिची आई जाऊन वर्ष झालं. मला त्रास होईल म्हणून आमच्याकडे कुणी तिचं नाव काढत नाही. चुकून काढलंच, तर माझी बहीण डोळे वटारते आणि चहा टाकायला उठते.



"त्यांना म्हणावं, खुर्ची घेऊन बसा," मी म्हणालो.