एकही तक्रार नाही

"बंद!" मिस्त्रीने हात वर केला आणि गल्लीतली मशीनं थांबली. आधी ग्राइंडर, मग कटर, मग हातोडे. कोपऱ्यावरचा कपाटवाला सवयीने आणखी एक ठोका घालणार होता, पण मिस्त्रीने डोळे वटारले तसा त्याने हातोडा गुपचूप खाली ठेवला.

कल्पना मिस्त्रीचीच होती. आवाजाच्या नव्या नियमाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेची समिती आज सकाळी गल्लीत येणार होती. मोर्चे आणि घोषणा सगळेच करतात, आपण नुसतं गप्प बसायचं, असं त्याने ठरवलं. पत्र्याचं काम करणारी गल्ली गप्प झाली की कशी मेल्यासारखी दिसते, ते त्यांना एकदा दिसू दे.

नियमच तसा जहाल होता. एक तक्रार आली की मशीन जप्त, दुकानाला सील आणि मालक सहा महिने आत. ऐकूनच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "दंड करा, कामाची वेळ ठरवून द्या, एकवेळ तेही सोसू," मिस्त्री प्रत्येक बैठकीत म्हणायचा, "पण तुरुंग? आम्ही काय दरोडे घालतो?" त्याचं म्हणणं बरोबरच होतं. शिवाय त्याचा आवाज मोठा. तसा तिथे सगळ्यांचाच मोठा. या गल्लीतला माणूस बायकोशी लाडात बोलला तरी शेजारच्यांना भांडण जुंपलंय असं वाटायचं. पण मिस्त्रीचा आवाज त्यातही वरचढ, म्हणून पुढारीपण त्याच्याकडे चालत आलं. आणि ते त्याला आवडलंही होतं, उगाच खोटं कशाला बोला.

समिती आली. एक बाई आणि त्यांच्या मागे दोन साहेब. उघड्या दुकानांमध्ये हाताची घडी घालून उभी असलेली माणसं बघून बाई जरा बावरल्या.

"ऐका ही शांतता," मिस्त्री पुढे होऊन म्हणाला. "नियम लागू झाला की रोज अशीच असेल. आणि मॅडम, हा नियम कुणासाठी? इथे त्रास कुणाला आहे, तेवढं दाखवा. लांब कशाला जाता? माझी आईच बघा." त्याने आपल्या दुकानाच्या वरच्या खोलीकडे बोट केलं. "झटका आल्यापासून पडून असते. बायको सकाळी तिचं सगळं आवरून कामाला जाते, दुपारी मी वर जाऊन तिला भरवतो. मधला सगळा वेळ ती या आवाजाच्या डोक्यावर पडलेली असते. आजवर तिने ब्र काढलेला नाही. एकही तक्रार नाही!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही मान डोलावली. टाळ्या थांबल्या आणि पुन्हा सगळं शांत झालं.

ठण. ठण. ठण.

"कुणाचं तरी काम चालू दिसतंय," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीचं टाळकं सणकलं. इतक्या दिवसांची मेहनत, आणि आपल्याच माणसांनी आयत्या वेळी माती करावी? तो कपाटवाल्याच्या दुकानाशी जाऊन ओरडला, "लाज नाही वाटत? एक तासभर दम निघत नाही तुला?"

कपाटवाल्याने दोन्ही रिकामे हात दाखवले. मग त्याने वर पाहिलं आणि, त्या गल्लीत कधी कुणी बोललं नसेल इतक्या हळू, तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या वरून येतंय."

मिस्त्री लोखंडी जिना धडाधडा चढला. मागून बाई चढत होत्या, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

आई उताणी पडली होती. खिडकीतलं ऊन थेट तिच्या तोंडावर आलं होतं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि चालता हात स्टीलच्या पेल्याने खाटेच्या दांडीवर ठोके घालत होता. पेल्याची कड पार चेपली होती. दांडीवरचा रंग एका जागी उडून आतलं लोखंड चकाकत होतं.

तो पेला त्यानेच दिला होता. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी तिच्या हातात ठेवून तो म्हणाला होता, "काही लागलं तर वाजव. मी खालीच आहे." मग तो खाली गेला होता आणि त्याने ग्राइंडर सुरू केला होता.

त्याने पडदा ओढला. ऊन तिच्या तोंडावरून गेलं. हात थांबला. त्याला कुठे बघावं कळेना. खाली अख्खी गल्ली वर बघत उभी असेल, आणि आपण आत्ताच सगळ्यांसमोर आईलाच साक्षीला उभं केलं होतं, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली. दुपारी तो वर यायचा तेव्हा ऊन सरकून गेलेलं असायचं. मग पेला कशाला हवा, म्हणून तो तिच्या हातातून काढून ठेवायचा आणि तिला भरवायचा. तिचा चेहरा नेहमी लाल असतो, तो त्याला तब्येतीचा वाटायचा.

बाई दारातून पुढे आल्या. खाटेपाशी वाकून त्यांनी विचारलं, "आजी, रोज वाजवता तुम्ही?"

आईने डोळे उघडले. अनोळखी बाई बघून ती गोंधळली. मग मुलाचा उतरलेला चेहरा तिला दिसला, आणि अडखळत्या जिभेने ती घाईघाईने त्याची बाजू सांगायला लागली.

"रोजच... वाजवते. त्याला ऐकू येतं हो... सगळं. पण हातातलं काम टाकून... तो येणार कसा?"