एकटीचा सीन

"त्या दाराला काय तोंड नाही?" वहिनीनं मटार सोलता सोलता विचारलं. "कडी काढली की करकरणारच. घरातले सगळे कानात बोळे घालून बसलेत का?"

धाकटीनं चित्र थांबवलं. स्क्रीनवर नायिका मागच्या दारात एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

काम सिनेमाचं होतं. शूटिंगआधी दिग्दर्शकाला प्रत्येक सीन हलत्या चित्रांत बघायचा होता, आणि हा सीन नायिका घरातून पळून जाते तो. घर म्हणून धाकटीनं सरळ आपलंच घर काढलं होतं. तोच जिना, तेच स्वयंपाकघर, तेच मागचं दार. खोली एका लेअरवर, दार दुसऱ्यावर, बाई तिसऱ्यावर. बाई इथं आहे अशी एक कीफ्रेम लावायची, तिथं पोचली अशी दुसरी. मधलं चालणं सॉफ्टवेअर आपलं आपण भरून काढतं.

खरं चालणं कोण भरून देणार? परगावी नोकरी मिळाल्याचं तिनं घरात सांगितलं, आणि त्याच दिवशी दादानं तिचा फोन आणि सर्टिफिकेटं कपाटात कोंबून कुलूप लावलं. दादाचा अॅनिमेशनचा स्टुडिओ चालायचा तिच्या बोटांवर, कामावर नाव मात्र त्याचं. तेव्हापासून माडीवरची ही खोली, इंटरनेट नसलेला कॉम्प्युटर, आणि पहाऱ्याला वहिनी. "बाहेरचं जग तुला कुठं माहितीय," दादा म्हणायचा, अगदी मायेनं. त्या मायेचाच तिला जास्त संताप यायचा.

"मग काय करू?" धाकटीनं विचारलं.

"पाण्याची मोटार लाव. ती सुरू झाली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, कडीचं काय घेऊन बसलीस?"

धाकटी मनातून हरखली. दुपारी दादा जेवून पुढच्या खोलीत आडवा व्हायचा, वहिनी मोटार लावून गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. इतकी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. आणि वहिनी बिचारी समजत होती की आपण सिनेमा सुधारतोय. धाकटीनं मोटारीचा आवाज घातला आणि नायिकेच्या कीफ्रेम पुढं सरकवल्या.

मग ते रोजचंच झालं. वहिनी भाजीची परात घेऊन मागं बसायची आणि चुका काढायची. चपला पायात कशाला, हातात घेऊ दे. जिन्याच्या मधून नको, भिंतीच्या कडेनं उतरव, पायऱ्या वाजतात. फाटकापर्यंत पळवू नकोस, पळणारी बाई सगळ्यांना दिसते. सावकाश निघू दे, वळणापुढं काय तो वेग.

"वहिनी, तू दिग्दर्शक व्हायला हवं होतंस."

"आम्हाला कोण विचारतंय, वन्सं?" वन्सं ती चिडवायलाच म्हणायची. "दाखव पुन्हा एकदा."

नायिकेच्या सोबतीला धाकटीनं एक मैत्रीण काढली होती. वहिनीनं नाक मुरडलं. "ही कशाला? दोघी असल्या की एक अडखळते, दुसरी थांबते, आणि दोघीही सापडतात. एकटीच जाऊ दे. आणि गेल्यावर दार बाहेरून लावू दे तिला. उघडं दार दिसलं की लगेच कोणीतरी मागावर निघतं."

धाकटीनं मैत्रिणीचा लेअर काढून टाकला. तिलाही एकटीलाच जायचं होतं.

एकदा दादा डोकावला. "काय, नणंद-भावजयीचं गूळपीठ जमलंय वाटतं? माहेरी जायला हिला वेळ नसतो, सिनेमाला बरा असतो."

"मला कुठं जायचंय माहेरी," वहिनी खाली मान घालून म्हणाली. लग्न झाल्यापासून ती एकदाही गेली नव्हती. धाकटीला कीव यायच्या ऐवजी रागच आला. इतकं मुकाट कसं राहता येतं माणसाला?

सीन शुक्रवारी संध्याकाळी द्यायचा होता. त्याच दिवशी दुपारी निघायचं, तिनं ठरवलं. सर्टिफिकेटं गेली खड्ड्यात.

गुरुवारी सीन पुरा झाला. वहिनीनं तो अख्खा बघितला, मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. "जमलं," ती म्हणाली आणि धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवून खाली गेली. असं ती कधी करत नसे. धाकटीला एकदम भरून आलं. उद्या आपल्यापायी हिला काय काय ऐकून घ्यावं लागणार. सांगून टाकावं असं फार वाटलं, पण तिनं जीभ आवरली.

शुक्रवारी जेवणं झाली. दादा आडवा झाला. मोटार जरा लवकरच सुरू झाली. बरंच झालं, धाकटीच्या मनात आलं. चपला हातात घेऊन ती भिंतीच्या कडेकडेनं जिना उतरली आणि स्वयंपाकघरात आली. मागच्या दाराची आतली कडी कोणीतरी आधीच काढलेली होती.

तिनं दार ढकललं. मग खांद्यानं ढकललं. ते बाहेरून लावलेलं होतं.

खिडकीच्या गजांतून तिनं बघितलं. काखेत पिशवी, हातात चपला, वहिनी फाटकाकडे निघाली होती, सावकाश, कुठं घाई नसल्यासारखी. तेवढ्यात टाकी भरून मोटार आपोआप बंद झाली. धाकटीच्या घशाशी हाक आली. त्या एका हाकेनं वहिनी जागच्या जागी सापडली असती. मागं पावलं वाजली. तिनं चपला ओट्याखाली सरकवल्या आणि खिडकीकडे पाठ केली. दादा डोळे चोळत स्वयंपाकघराच्या आतल्या दारात उभा होता. "वहिनी कुठाय?" त्यानं विचारलं. "वर, माझ्या खोलीत झोपलीय," धाकटी म्हणाली. "डोकं दुखतंय तिचं, उठवू नकोस. बस, मी चहा टाकते."