अबरक्रॉम्बींची भिंत

"आणि हा अबरक्रॉम्बी न्यायाधीश होता," कीथ म्हणाले, आणि विनय खरवंडीकरांच्या ओठांवर आलेलं वाक्य पुन्हा पोटात गेलं.

क्वेकर्स हिलमधल्या त्या घराची एक सबंध भिंत फोटोंनी भरली होती. न्यायाधीशाशेजारी सिनेटर, त्याखाली नावाजलेली सर्जन बाई, मग होड्यांच्या शर्यतीत पदकं मिळवलेले दोघं. सगळ्यांत वर, डाव्या कोपऱ्यात, रस्त्याच्या पाटीचा फोटो: अबरक्रॉम्बी स्ट्रीट. ज्यांच्या नावाने सिडनीत रस्ता आहे त्यांच्याकडे आपण काय मागायला आलो, असं विनयना होऊन गेलं.

मागायचं होतं आडनाव. विनयच्या लेकीला, स्वरदाला मुलगी झाली होती, रविवारी टूनगॅबीला बारसं होतं आणि जन्मनोंदणीच्या फॉर्मवर आडनावाची जागा अजून रिकामी होती. स्वरदा एकुलती एक. तिच्यानंतर त्यांच्या घरातलं खरवंडीकर हे नाव संपणार.

"आम्हाला दोन्ही चालतील, बाबा," ती म्हणाली होती. "पण नॅथनच्या डॅडना तूच विचार."

"आपल्या नॅथनचा फोटो नाही इथे?" विनयनी मूळ विषय लांबणीवर टाकला.

"तो फ्रिजवर. अजून पेपरात कुठे आलाय तो!" व्याही खो खो हसले. अभिमान नुसता ओसंडत होता त्यांच्या चेहऱ्यावरून. "आता तुमची माणसं सांगा, मेट."

"आमच्यात असं नाव काढलेलं कोणी नाही हो."

पण 'आमच्यात' म्हटल्यावर विनयना राहवेना. त्यांनी आजी सांगितली, अडलेल्या बाईसाठी पुराच्या पाण्यातून चालत गेलेली. तात्याकाका सांगितले, आखाड्यात हरले तरी गावाला जेवण घालणारे.

"तुम्ही स्वतः पाहिलंय त्यांना?"

"पाहिलंय काय, तात्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय!"

"आजीचा आवाज कसा होता?"

असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "भरदार. मला हाक मारली की शेजारची पोरंही धावत यायची."

"आणि हे आडनाव?"

"खरवंडी आमचं गाव. तिथले म्हणून खरवंडीकर."

"म्हणजे जागेवरून!" कीथ एकदम सावरून बसले. "जागेवरून पडलेलं नाव. छान."

विनयचा ऊर भरून आला होता, आणि भरल्या पोटी माणूस दान करतो तसं भरल्या मनाने त्यांनी करून टाकलं.

"बाळाला तुमचंच आडनाव लागू दे, कीथ. इतकी थोर माणसं सोडून माझं कशाला?"

कीथनी मान हलवली. "नाही. पोरीला खरवंडीकर लावा. ज्या नावात हाक मारणारी आजी आहे, ते लावा."

"अहो, पण तुमचे हे एवढे नातेवाईक..."

कीथ उठून भिंतीपाशी गेले. न्यायाधीश, सिनेटर, सर्जन बाई, एकेकाला मागे टाकत त्यांचं बोट वर सरकलं आणि कोपऱ्यातल्या पाटीवर टेकलं.

"यांतलं कुणीच माझं नाही, मेट. सगळी पेपरातून कापलेली माणसं. मी चार दिवसांचा होतो, या पाटीखाली सापडलो तेव्हा."